चेन दिसते

राक्षसाच्या पाठीवर चेन दिसते.
बावन्नाव्या मिनिटाला, तळ्यातून वर येताना,
ओल्या रबराच्या मणक्यावरून सरळ खाली, पितळेची.
शंभरदा तरी पाहिली असेल मी,
आणि दर वेळी म्हणते, आली बघ,
जणू ओळखीची कुणी बसमधून उतरली.

टोलेडो, ओहायो. घराचं तळघर.
भट्टीशेजारी माझं दुकान मांडलेलं:
प्लास्टिकच्या ममीचा एक पाय (दुसरा कुत्र्याने खाल्ला),
अंधारात हिरवी चमकणारी कवटी,
जी आता चमकत नाही, नुसती हिरवी आहे,
आणि पोस्टर, ज्यावर किंचाळणारी बाई
सिनेमात कुठेच नाही.
हार्लन म्हणतो, बर्नाडिन, धूळ तरी पूस.
अरे, धुळीनेच तर त्यांची अब्रू राखलीय.

आजकालची भुतं मला नको वाटतात.
फार स्वच्छ, फार खरी.
आमच्या वेळी कोळ्याची जाळी डिंकाची असायची,
पंख्यासमोर धरून उडवलेली,
रक्त म्हणजे चॉकलेटचा पाक,
वटवाघूळ दोरीवर, आणि दोरी
इतकी जाड की तिच्यावर कपडे वाळत घालावेत.
तरी पाचावर धारण बसायची.
सगळं खोटं आहे हे कळूनही दातखीळ बसणं,
हे ज्याला जमलं नाही
त्याच्याशी मी काय बोलू?

शनिवारी रात्री साडेअकराला
बातम्या संपायच्या, हवामान संपायचं,
आणि तो हवामान सांगणाराच माणूस
काळी झूल पांघरून शवपेटीतून उठायचा.
प्रोफेसर क्लॅमी.
म्हणायचा, आज रात्री मेलेले उठतील,
सोमवारपर्यंत चार इंच बर्फ.

आई काचेच्या कारखान्यात, रात्रपाळीला.
घरात आम्ही दोघंच, मी आणि कॅझ.
मी सोफ्यावर, ब्लँकेटमधून एक डोळा बाहेर.
कॅझ टीव्हीमागे उभा, अँटेना धरून,
कारण त्याने हात सोडला की
भूत पडद्यावरच्या मुंग्यांत विरघळायचं.
म्हणजे बघा, दोन हिवाळे
त्याने एकही राक्षस पाहिला नाही.
पाहिलं फक्त माझं तोंड,
आणि त्यावरून ओळखायचा,
आता आला ना? आता गेला?

पेपर टाकून साठवलेल्या पैशांतून
त्याने टेपरेकॉर्डर घेतला होता,
निदान आवाज तरी आपला असावा म्हणून.
त्याच्या छातीचं दुखणं तेव्हाच सुरू झालेलं.
मार्चमध्ये आईने अँटेना भिंतीला बांधली.
चित्र छान यायचं.

परवा, हॅलोवीन उलटून आठवडा झाल्यावर,
सँडस्कीला अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये
आम्हा वेड्यांचा मेळा होता.
पोटं सुटलेले व्हॅम्पायर, गुडघे दुखणाऱ्या चेटकिणी,
एक लांडगा-माणूस मधुमेहाची गोळी शोधत.
आणि घडीच्या टेबलामागे, झूल खांद्यावरून घसरलेली,
अठ्ठ्याऐंशी वर्षांचा क्लॅमी.
फोटोवर सही, दहा डॉलर.

मी रांगेत काही बोलले नाही.
टेप लावली.
त्याचंच हसणं, खोल, दगडी जिन्यासारखं.
तो ऐकत राहिला, जसं कुणी
आपली हरवलेली टोपी दुसऱ्याच्या डोक्यावर बघतं.
मग बोट वर केलं.
मागे खोकतंय कोण?

सांगितलं.
अँटेना धरणारा.
बारा वर्षांचा.

त्याने फोटो ओढला. हात थरथरत होता,
अक्षरं शवपेटीच्या खिळ्यांसारखी वाकडी:
कॅझ, आता हात खाली घे.
चित्र एकदम स्पष्ट आहे.

दहा डॉलर घेतले. घ्यायलाच हवेत.
परतताना हायवेवर बर्फ सुरू झालं,
ते मात्र कुणीच सांगितलं नव्हतं.